बाजार कुठाय? खिवा-बुखारा-समरकंदच्या एका खासगी सहलीचं प्रकरण

इचलकरंजीचं चौघांचं एक कुटुंब. यंत्रमागाचा कारखाना पुतण्याच्या हाती सोपवून मोकळे झालेले, सत्तरी ओलांडलेले काका. गुडघ्यांनी बेजार, पण फिरायला उत्सुक अशा काकू. पुण्यात नोकरी करणारी मुलगी आणि फोटोग्राफीचं वेड असलेला जावई. मी लहान प्रमाणावर खासगी सहली आखून देतो आणि उझबेकिस्तान हा त्यातला माझा सगळ्यात सवयीचा मुलूख. हे लोक माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात दुसऱ्या एका कंपनीचा तयार आराखडा होता: ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा, सगळीकडे खासगी गाडी, खासगी गाइड, चांगली हॉटेलं. त्यात चूक काही नव्हती. मुलगी आणि जावई त्यावर खूशही होते. अडले ते काका. त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यात मशिदी हायत, मदरसे हायत, राजांच्या कबरी हायत. बाजार कुठाय? व्यापाराचा रस्ता म्हणताय न्हवं? मग माल कुठं उतरायचा, जकात कोण घ्यायचं, उधारी कशी चालायची, ते कोण दाखवणार?"

हे प्रकरण लिहून ठेवतोय ते या प्रश्नामुळे. खासगी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक सहली गटसहलीच्याच वाटेने जातात, तिकिटांच्या त्याच खिडक्यांपाशी थांबतात, गाडी तेवढी लहान असते. जादा पैसे मोजायचे ते आपल्या प्रश्नासाठी आराखडा वाकवता यावा म्हणून. आणि तो वाकवायचा तर आधी प्रश्न हवा. काकांकडे तो होता, अगदी घट्ट.

आराखडा कसा फिरला

पहिली गोष्ट, शहरांचा क्रम उलटा केला. ताश्कंदहून विमानाने उरगेंच, तिथून 35 किलोमीटरवर खिवा, मग रस्त्याने बुखारा, रस्त्यानेच समरकंद, आणि शेवटी आफ्रोसियोब या वेगवान गाडीने परत ताश्कंद. समरकंदच्या रेगिस्तान चौकातले तीन प्रचंड मदरसे डोळ्यांत भरल्यावर खिवा खेळण्यातलं वाटायला लागतं, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. लहानाकडून मोठ्याकडे गेलं की दोघांनाही न्याय मिळतो. दिवस सप्टेंबरअखेरचे धरले. जूनअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तिथे 'चिल्ला' असतो, उन्हाळ्याचे सर्वांत कडक चाळीस दिवस, आणि त्यात काकूंना वाळवंटात नेणं म्हणजे शुद्ध अविचार. सप्टेंबरात खरबुजं असतात आणि कापसाची वेचणी सुरू झालेली असते. दुसऱ्या कारणाने काका एकदम ताठ बसले.

दुसरी गोष्ट गाइडची, आणि ती जास्त किचकट होती. काकांना इंग्रजी येत नाही. ताश्कंदमध्ये हिंदी शिकवण्याची परंपरा जुनी आहे आणि हिंदी बोलणारे परवानाधारक गाइड तिथे मिळतात. पण ताश्कंदचा माणूस बुखाऱ्याच्या गल्लीबोळात पाहुणाच. उलट बुखाऱ्याचे जाणकार गाइड बोलणार इंग्रजी, रशियन नाहीतर ताजिक. सहसा लोक यातलं एक निवडतात. एक तर सगळीकडे एकच ओळखीचा माणूस, नाहीतर दर शहरात नवा. आम्ही हिंदीवाला गाइड पूर्ण प्रवासासाठी घेतला आणि बुखाऱ्यापुरती एक स्थानिक गाइड वर जोडली. ती इंग्रजीत किंवा उझबेकमध्ये सांगणार, हा हिंदीत काकांपर्यंत पोचवणार. जावयाला हा उधळेपणा वाटला. सहलीचा खर्च वाढला त्यात याचा वाटा मोठा होता, हे खरं. पण दोन गाइडांची आपसातली चर्चा ऐकायला मिळाली, एकाने सांगितलेलं दुसऱ्याने खोडून काढलं, आणि काकांना नेमकं तेच हवं होतं. बाजारात भाव एकाच दुकानात विचारत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

खिवा थोडक्यात

खिव्याचा इचान-काला हा तटाच्या आतला भाग 1990 साली युनेस्कोच्या यादीत आला. उझबेकिस्तानातलं हे त्या यादीतलं पहिलं ठिकाण. मातीचा दहाएक मीटर उंच तट, 200 हून अधिक लाकडी खांबांची जुमा मशीद, आणि 1855 मध्ये खान मारला गेला म्हणून अर्धाच राहिलेला निळा-हिरवा काल्ता मिनार. हे सगळं पाहून झालं. पण आम्ही जास्त वेळ राखला होता तो पूर्वेच्या दरवाजाला. तिथे अल्लाकुली खानाने 1830च्या दशकात बांधलेली सराई, म्हणजे व्यापारी तांड्यांची उतरायची जागा, आहे आणि तिला चिकटून झाकलेला बाजार. तटाला लागून सराई, सराईला लागून बाजार, बाजाराला लागून मदरसा. माल शहरात शिरला की पहिली पावती दारातच फाटायची. काकांना ही मांडणी न सांगता समजली.

त्याच दरवाजात दोन्ही बाजूंना कोनाडे आहेत. इथे गुलामांचा बाजार भरायचा. तुर्कमेन टोळ्यांनी पळवून आणलेले इराणी आणि रशियन लोक इथे विकले जात. हा व्यापार कायद्याने बंद झाला तो 1873 मध्ये रशियाने खिवा जिंकल्यावर. काकूंनी गाइडला मध्येच थांबवलं आणि बाहेर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. व्यापाराचं शहर बघायचं म्हटलं की हेही त्यात येतं. ते गाळून फक्त रेशीम आणि मसाले दाखवणारे गाइड मला खोटे वाटतात.

खिवा ते बुखारा हा साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा किझिलकुम वाळवंटातला रस्ता. बराच वेळ एका बाजूला आमू दर्या कुठेतरी वाहत असते, बाकी सक्सौलची झुडपं आणि वाळू. गाडीने सहा-सात तास. काकूंच्या गुडघ्यांसाठी रेल्वे बरी पडली असती, डब्यात उठून चार पावलं टाकता आली असती. 2018च्या अखेरीपासून खिव्यापर्यंत गाडी जातेही. काकाच अडून बसले. वाटेत त्यांनी हिशेब मांडला: लादलेला उंट दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर चालणार, म्हणजे ही मजल दोन आठवड्यांची. उंटावर माल किती, तर आपल्याकडची 170 किलोची कापसाची एक गाठ, फार तर थोडं वर. "म्हंजे शंभर गाठीला शंभर उंट, आणि पंधरा दिवस त्यांचं पाणी. भाड्यातच मेला की व्यापारी." म्हणून लांबच्या रस्त्यावर जायचा तो कमी वजनाचा आणि जास्त किमतीचा माल: रेशीम, कस्तुरी, नीळ, तलम कापड. गाइडने होकार भरला. काकूंचं मत मात्र वेगळं होतं आणि ते नोंदवायला हवं: सात तासांत बघण्यासारखं काहीही नव्हतं आणि स्वच्छतागृहं भयंकर होती.

बुखारा

सहलीचा गाभा इथे होता, म्हणून सगळ्यात जास्त मुक्काम इथेच ठेवला. तयार आराखड्यात बुखाऱ्याचा क्रम असा होता: आर्क किल्ला, 1127 सालचा कल्यान मिनार, मदरसे, ल्याबी-हौजपाशी जेवण, मग "खरेदीसाठी मोकळा वेळ". या मोकळ्या वेळेतच खरं व्यापारी शहर होतं आणि तिथेच गाइड नव्हता!

आम्ही उलट केलं. सकाळी लवकर, दुकानं उघडण्याआधी, स्थानिक गाइडने चौघांना व्यापारी घुमटांखाली नेलं. 16व्या शतकात शैबानी राजवटीत, विशेषतः दुसऱ्या अब्दुल्ला खानाच्या काळात, बुखाऱ्याच्या चौकाचौकांवर हे घुमट बांधले गेले. रस्ता बंद न करता रस्त्यावरच छप्पर घातलेलं. लादलेला उंट आत शिरेल एवढ्या उंच कमानी, भोवती गाळे, मध्ये रहदारी. तोक-ए-झरगरान सोनारांचा, तोक-ए-तिलपाक-फुरुशान टोप्या विकणाऱ्यांचा, तोक-ए-सर्राफान सराफांचा. यांच्यामध्ये 1577चा तिम अब्दुल्ला खान, तो रेशमी कापडाचा. बाहेर ऊन तापलेलं असताना आत गारवा असतो. जाड विटा आणि वरच्या झरोक्यांनी साधलेली ही करामत जावयाने अर्धा तास टिपली.

सराफांच्या घुमटाखाली काका रेंगाळले. इथे पैसे बदलणाऱ्यांत हिंदुस्थानी पुष्कळ असत, मुलतानकडचे आणि पुढे सिंधमधल्या शिकारपूरचे. दर खानाचं नाणं वेगळं. सोन्याचा तिल्ला, चांदीचा तंगा, त्यात परमुलखातलं चलन. ते परखून बदलून देणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हुंडीवर पैसा फिरवणं हा त्यांचा धंदा. शेतकऱ्याला आणि विणकराला हंगामाआधी उचल द्यायची आणि पीक आल्यावर वसूल करायची, हेही तेच करत. "म्हंजे आमचा सूतवालाच की," काका म्हणाले. 1832 मध्ये बुखाऱ्याला आलेल्या अलेक्झांडर बर्न्स या ब्रिटिश प्रवाशाने इथले हिंदू व्यापारी आपल्या स्वतंत्र सराईत राहताना पाहिले. त्यांना वेगळी टोपी घालावी लागे आणि कमरेला पट्ट्याऐवजी दोरी बांधावी लागे. जकातीतही फरक होता. मुसलमान व्यापाऱ्याला मालाच्या किमतीचा चाळिसावा हिस्सा, परधर्मीयाला त्याहून जास्त. तरीही ते पिढ्यान्पिढ्या येत राहिले, यावरून नफ्याचा अंदाज यावा.

निळीची साखळी तर काकांच्या धंद्यातलीच होती. नीळ हिंदुस्थानातून यायची. रंगवण्याचं काम मुख्यतः बुखाऱ्याच्या ज्यू रंगाऱ्यांकडे असायचं. त्यांचे हात कायमचे निळे असत म्हणतात. आणि ते सूत जायचं इकतच्या मागावर. एका कार्यशाळेत अद्रसचं कापड विणताना पाहिलं: ताणा रेशमी, बाणा सुती, आणि नक्षी सगळी ताण्यावर आधीच बांधून रंगवलेली. मागावर नक्षी विणत नाहीत, ती धाग्यांत आधीच असते. काकांनी मागाखाली वाकून ताण पाहिला, बोटांनी ताणा दाबला आणि विणकराला खुणेनेच काहीतरी विचारलं. दोन्ही गाइड बाजूला झाले. पुढची वीस मिनिटं कुणाच्याही भाषांतराची गरज पडली नाही, आणि जावयाचे त्या दिवसाचे सगळ्यात चांगले फोटो तिथलेच आहेत.

दुपारी ल्याबी-हौज. 1620च्या दशकात नादिर दिवानबेगीने बांधलेला हा हौद आणि त्याच्या पूर्वेचा मदरसा. हा मदरसा मुळात सराई म्हणून बांधला होता. उद्घाटनाला खानाने चुकून "मदरसा छान झाला" म्हटलं आणि खानाचा शब्द खोटा कसा पाडायचा, म्हणून सराईचा मदरसा झाला, अशी कथा सांगतात. बुखाऱ्यात असे हौद शेकड्याने मोजावेत एवढे होते. सोव्हिएत काळात बहुतेक बुजवले, कारण त्या पाण्यातून नारू व्हायचा. हे ऐकून काकूंनी त्यांच्या माहेरच्या पायविहिरीची आणि नारूची जी हकीकत सुरू केली ती जेवण संपेपर्यंत चालली, आणि स्थानिक गाइडने वही काढून ती लिहून घेतली.

जेवणाचं म्हणाल तर काकू शुद्ध शाकाहारी. तंदुरातली गरम नोन, टोमॅटो-कांद्याचं अच्चीचुक, भोपळ्याचे सोमसे, दही, खरबूज, अक्रोड. यावर भागतं. भाजीच्या सुपातही मटणाचा रस्सा असू शकतो, म्हणून गाइडने प्रत्येक स्वयंपाकघरात जाऊन विचारायचं, हे करारातच लिहिलं होतं.

पैकंद

बुखाऱ्यातल्या एका सकाळी तयार आराखड्यात अमिराच्या उन्हाळी महालाची भेट होती. ती काढून पैकंद घातलं. बुखाऱ्याच्या नैऋत्येला तासाभराच्या वाटेवर वाळूत बुडालेलं हे जुनं शहर आहे. तट, बालेकिल्ल्याचा उंचवटा, उत्खननात निघालेल्या गल्ल्या, तटाबाहेर व्यापाऱ्यांच्या रबातांचे, म्हणजे सरायांचे, पाये. पाटीवाचून काहीच कळत नाही आणि सावली शून्य. गटसहल इथे सहसा येत नाही.

पण या शहराची जी गोष्ट बुखाऱ्याचा 10व्या शतकातला इतिहासकार नरशखी सांगतो, ती ऐकण्यासाठी इथेच उभं राहावं. 706 च्या सुमारास अरब सेनापती कुतैबाने पैकंद लुटलं, पुरुष मारले, बायकापोरं गुलाम केली. पण शहरातले पुष्कळ पुरुष त्या वेळी गावातच नव्हते. ते चीनकडे आणि इतरत्र व्यापाराला गेले होते. परत आल्यावर त्यांनी आपली बायकापोरं शोधून काढली, पैसे मोजून अरबांकडून सोडवून घेतली आणि शहर पुन्हा बांधलं. सैन्य नव्हतं, राजा धावून आला नव्हता. हाती रोकड आणि पत होती, तेवढ्यावर गाव परत उभं राहिलं. पुढे 11व्या शतकात झरफशान नदीचं पाणी इथवर पोचेनासं झालं आणि तेच शहर ओस पडलं. कल्यान मिनार बांधणाऱ्या अर्सलान खानाने कालवा खणून ते पुन्हा वसवायचा प्रयत्न केला, तो फसला. तलवारीतून वाचलेलं शहर पाण्याने गेलं.

मुलीने नंतर सांगितलं की बाबा हॉटेलवर परतेपर्यंत गप्प होते आणि संध्याकाळी त्यांनी पुतण्याला फोन लावून वसुलीची चौकशी केली.

दुकानं आणि दलाली

सहलीतला एकमेव ताणाचा प्रसंग दुकानावरून झाला. तिथल्या जुन्या मदरशांच्या खोल्यांत आज गालिचे, सुझानी म्हणजे भरतकामाची कापडं, चाकू-कात्र्या, चिनीमाती विकतात. गाइडने गिऱ्हाईक आणलं की त्याला हिस्सा मिळतो. आपल्याकडे आग्रा-जयपूरला जे चालतं तेच. करारात मी "विचारल्याशिवाय दुकान नाही" अशी अट घातली होती, तरी एका गालिच्याच्या दुकानात चहा पुढे आला आणि मुलगी चिडली. काकांनी गाइडला सरळ विचारलं, "तुझा टक्का किती?" तो आधी लाजला, मग त्याने सांगितलं. काका म्हणाले, "मग तेवढं भावातनं कमी कर, तुझं मी हातात देतो." दुकानदार हसला, सौदा झाला, एक लहान सुझानी घेतली गेली. पुढे कुठेही न सांगता दुकान लागलं नाही.

ही गोष्ट मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. दलाली लपवली की गिऱ्हाइकाला लुबाडल्यासारखं वाटतं, आणि उघड बोलली की ती नुसती एक रक्कम राहते. गाइडचा रोजचा मेहनताना बेताचा असतो, हेही धरून चालावं. तो नीट दिला तर त्याला दुकानाकडे ओढ लागत नाही.

मलिकची सराई

बुखारा ते समरकंद वेगवान गाडीने दीड-दोन तासांचं काम. रस्त्याने दिवसाचा चांगला भाग जातो. तरी इथे रस्ता निवडला, कारण वाटेत नवोईच्या अलीकडे रबाती मलिक आहे. 11व्या शतकातली काराखानी राजवटीची ही शाही सराई. आज तिचा विटांचा भव्य दरवाजा आणि पाये एवढंच उरलंय. महामार्गाच्या पलीकडे तिची सरदोबा, म्हणजे जमिनीत उतरलेली घुमटाकार पाण्याची टाकी. झरफशानच्या पाण्यावर भरणारी, सावलीमुळे पाणी उडत नसे. 2023 मध्ये झरफशान-काराकुम मार्गाबरोबर या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. थांबा अर्ध्या तासाचा. किझिलकुमच्या सात तासांत जे मिळालं नाही ते इथे मिळालं: दोन मुक्कामांमधलं अंतर, पाणी आणि दार. ज्यांना एकच लांबचा रस्ता झेपणार असेल त्यांनी हा घ्यावा आणि खिव्याहून रेल्वेने यावं, असं मी आता सुचवतो.

पुढे कापसाची शेतं लागली. काका उतरले, एक बोंड उकललं, तंतू चिमटीत ओढून त्याची लांबी पाहिली. आणि इथे मुंबईचा संबंध निघाला. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवीत तिकडचा कापूस अडला, मुंबईच्या कापूसवाल्यांनी त्यावर अमाप पैसा केला आणि 1865 मध्ये तो बुडालाही. त्याच टंचाईने रशियन गिरण्यांची नजर मध्य आशियाच्या कापसाकडे वळली. ताश्कंद रशियाच्या हाती गेलं तेही 1865 मध्येच. 1888 मध्ये रेल्वे समरकंदला पोचली आणि उंटांचा जमाना आटोपला. बुखाऱ्याचं स्टेशन आजही शहरात नाही, शेजारच्या कागानमध्ये आहे.

समरकंद

इथे वेळ कमी पडला. रेगिस्तान, बीबी खानुम मशीद आणि तिच्या शेजारचा सियाब बाजार, तैमूरची कबर. हे नेहमीचंच. आमच्या प्रश्नाला धरून होतं ते अफ्रासियाबचं संग्रहालय. 1965 मध्ये सापडलेली 7व्या शतकातली सोग्दी भित्तिचित्रं तिथे आहेत: समरकंदच्या राजाकडे देशोदेशींचे दूत नजराणे घेऊन आलेत, चिनी दूतांच्या हातात रेशीम. हे सोग्दी लोक चीनपर्यंतच्या वाटेवरचे जुने दलाल. 1907 मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला चीनमधल्या दुनहुआंगजवळ त्यांची 4व्या शतकाच्या सुरुवातीची पत्रं सापडली. त्यातलं एक समरकंदच्या पत्त्यावर होतं: चीनमधल्या लढाईने धंदा बसलाय, माणसं उपाशी आहेत, पाठवलेली कस्तुरी विका, आणि माझी ठेव व्याज मिळवून एका अनाथ पोरासाठी ठेवा. दुसरं पत्र नवऱ्याने परमुलखात टाकून दिलेल्या बाईचं, की तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची नाहीतर डुकराची झाले असते तर बरं. ही पत्रं आता लंडनमध्ये आहेत. गाइडने मजकूर हिंदीत सांगितला. काकांना पहिलं आवडलं, काकूंना दुसरं. संपूर्ण सहलीत त्यांना आवडलेली गोष्ट कोणती, असं विचारलं तर अजून त्या तेच सांगतात.

परतताना ताश्कंदमध्ये शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी पाच मिनिटं थांबले. 11 जानेवारी 1966 ला त्यांचा मृत्यू याच शहरात झाला.

जावयाची तक्रार मात्र राहिली, आणि ती रास्त आहे. शाही झिंदाची थडगी काकूंना चढाव झेपणार नाही म्हणून आराखड्यातून काढली होती. निळ्या फरशांचं उझबेकिस्तानातलं सगळ्यात देखणं काम तिथे आहे, आणि फोटो काढणाऱ्या माणसाला ते वगळायला सांगणं कठीण. शेवटच्या सकाळी तो पहाटेच यांडेक्स ॲपवरून टॅक्सी करून एकटा तिथे गेला, तिकीटघर उघडेपर्यंत बाहेर थांबला आणि नाश्त्याच्या वेळी परत आला. गाइड तोवर झोपलेला होता. त्या दिवसाचे त्याचे पैसे आम्ही पूर्ण दिले.